साम्य आढळले

दार उघडलं, पण पडद्यावर आलेला चेहरा त्याचा नव्हता.

घडलं ते एवढंच. कचेरीच्या दाराशी सकाळची गर्दी होती. आठवडाभराच्या तापातून उठून तो पहिल्यांदाच कामावर आला होता, अंगात अजून कणकण होती आणि गालांवर वाढलेले पांढरे खुंट खाजत होते. दाढी करायला बसलो तर उशीर होईल म्हणून तसाच निघाला होता. दारावरच्या काचेच्या डोळ्यासमोर त्यानं नेहमीसारखी मान जराशी वर केली. हिरवी रेघ कपाळापासून हनुवटीपर्यंत उतरली, 'ओळख पटली' अशी अक्षरं उमटली, आणि त्यांच्याखाली, जिथे रोज त्याचा गुळगुळीत गालांचा फोटो यायचा, तिथे एक म्हातारा आला. आत गेलेले गाल, पांढरी दाढी, विरळ केस. डोळे मात्र, काढा काय काढायचाय तो फोटो, असं म्हणत असल्यासारखे. आणि डावी भुवई मधोमध तुटलेली. पडदा विझायच्या आत त्यानं ती भुवई पाहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, चला की पुढे. आज दाराशीच ड्युटी लागली का?" लोक हसले. तोही हसला. आत शिरला, जिना चढला, आणि आपल्या टेबलाशी येऊन बसला.

ती भुवई त्याच्यादेखत फुटली होती. शाळेमागच्या भिंतीवरून दोघं भाऊ उड्या मारत होते आणि दादा खालच्या पत्र्याच्या कडेवर आपटला होता. बोटांच्या फटींतून रक्त ओघळत होतं आणि दादा हसत होता. "बरं झालं, आता तरी मास्तरांना आपल्यातला फरक कळेल," म्हणत होता. दोघांत चांगलं दोन वर्षांचं अंतर, पण साचा एकच. शेजारणी एकाला हाक मारून दुसऱ्याला काम सांगायच्या. भुवई फुटली तेव्हापासून लोक बोलण्याआधी त्यांच्या कपाळाकडे बघू लागले. मग दादा चोविशीत असताना एका दुपारी घड्याळ दुरुस्तीला टाकून येतो म्हणून घरातून निघाला. घड्याळ दुकानात पोचलं. दादा घरी पोचला नाही. भांडण झालेलं नव्हतं, कुठे मन गुंतल्याचं कुणाला माहीत नव्हतं, कपाटातले कपडे जसेच्या तसे होते. घरातल्या प्रत्येकानं मग आपापलं एक कारण शोधून काढलं आणि ते उराशी धरून तो जगायला लागला. वडिलांनी आठ दिवस आधी उशिरा आल्यावरून त्याला एक थप्पड मारली होती. त्यानंतर त्यांचा हात कुणावर उठला नाही. शेवटच्या आजारात तर ते तो उजवा हात मांडीखाली दाबून बसायचे, कुणी काढायला लागलं तर चिडायचे. आईला वाटायचं, त्या सकाळी आपण 'नुसता बसून असतोस' असं म्हणालो ते लागलं. आणि त्याला स्वतःला वाटायचं, आपल्याला नोकरीचं पत्र आलं त्याच महिन्यात दादा गेला, तेव्हा काय ते उघडच आहे. पण यातलं कुणीच कुणापाशी बोललं नाही. आई अजूनही त्याला 'धाकट्या' म्हणते. ज्या घरात थोरला नाही तिथे तो तीसेक वर्षं धाकटा राहिला आहे.

लग्नानंतर एकदा त्यानं दाढी वाढवायला घेतली होती. संध्याकाळी घरी आला तर आई दारात त्याला बघून हातातलं पातेलं टाकून धावत आली आणि दोन पावलांवर थांबली. "तू होय," म्हणाली. पातेलं जमिनीवर गरगरत राहिलं. तिनं ते उचललं, पदराने पुसलं आणि काहीच घडलं नाही अशी आत निघून गेली. पण त्या 'तू होय'नंतर त्यानं एक दिवस दाढी चुकवली नाही. रोज सकाळी आरशासमोर तो एक चेहरा खरवडून काढत असे आणि खालून आपला निघत असे. कधी कधी, पन्नाशी उलटल्यावर, हात तसाच थांबायचा. डोळ्यांखालच्या नव्या पिशव्या, कानाशी उतरत चाललेली कातडी. तो असता तर असाच दिसला असता. मग पाणी मारून तो विचार धुऊन टाकायचा. आणि आज त्या दाराला आठवडाभराचे खुंट पुरले होते.

त्यानं यंत्र सुरू केलं. समोर एका जुन्या नकाशाची प्रत होती, शहराबाहेरची शेतं, ओढा, कडेची झाडं. तो जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशाघरात होता, आणि कापडावर काढलेले, उंदरांनी कुरतडलेले हजारो नकाशे गेली काही वर्षं त्याच्या देखरेखीखाली पडद्यावर चढत होते. या कामाचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नसे. ज्या कागदासाठी माणसांनी चपला झिजवल्या, साहेबांचे पाय धरले, तो कागद आता घरबसल्या मिळत होता. देश पुढे जातोय असं कुणी म्हटलं की बाकीचे खांदे उडवत, हा उडवत नसे. चेहऱ्यांची नोंद सुरू झाली तेव्हाही कुरकुरणाऱ्यांत तो नव्हता. आता दवाखाना, बँक, निवृत्तिवेतन, धान्य, कचेरीचं दार, सगळ्याला एकच किल्ली, ती म्हणजे माणसाचं तोंड, आणि ती घरी विसरायची भीती नाही. आईची नोंद करायला माणसं घरी आली तेव्हा तिनं "माझ्या सुरकुत्या मोजून काय मिळणार आहे तुम्हाला?" असं विचारलं होतं, तर त्यानंच तिला समजावून खिडकीपाशी उजेडात बसवलं होतं. परवा तिच्या छातीत धडधडलं तेव्हा बसल्या जागी फोनवर डॉक्टरांनी तिला पाहिलं, औषध घरी आलं. हे सगळं खरं होतं. आणि आता हेही खरं होतं, की ज्या माणसाला पोलिसांनी, नातेवाइकांनी, वर्तमानपत्रातल्या फोटोनं शोधून काढलं नाही, त्याला त्या दारानं एका क्षणात समोर उभं केलं होतं. चुकून. दाराला ते कळलंसुद्धा नव्हतं. तो ओढ्याच्या रेषेकडे बघत राहिला. ती भुवई नोंदीत आहे, म्हणजे ती अलीकडेच कुठल्यातरी काचेसमोर उभी राहिली आहे. म्हणजे ती कुठेतरी आहे. एवढे सगळे 'म्हणजे' चढून गेल्यावर शेवटी ते दोन शब्द त्याच्यापर्यंत पोचले. जिवंत आहे.

त्या दिवशी तो घरी काही बोलला नाही. दुसऱ्या सकाळी त्यानं नेहमीपेक्षा जास्त वेळ घेऊन दाढी केली, आणि दाराशी रेघ लाल झाली. पहारेकऱ्यानं त्याला हातानं दार उघडून आत घेतलं. तोवर फोनवर निरोप आला होता. 'आपल्या चेहऱ्याचे अन्य नोंदीशी साम्य आढळले आहे. दोन्ही व्यक्तींनी येत्या सोमवारी सकाळी केंद्रावर समक्ष हजर राहावे. हजर न राहणाऱ्या व्यक्तीची नोंद पुढील तपासापर्यंत बंद राहील.' त्यानं केंद्रावर फोन लावला. फोनवरची मुलगी कोवळ्या आवाजाची होती.

"दुसरी व्यक्ती कोण आहे, तेवढं सांगता येईल?"

"नाही सांगता येत, काका. त्यांनाही तुमचं सांगितलेलं नाही."

"ते येतील का?"

"ज्याला नोंद लागते तो येतोच."

"आणि नसेल लागत तर?"

असा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. "नोंदीशिवाय आता कसं चालेल, काका?" ती म्हणाली. "नोंद नाही असं कुणी राहिलंय का?"

संध्याकाळी त्यानं बायकोला सांगितलं. ती शाळेतून आली होती, वह्यांचा गठ्ठा अजून तिच्या मांडीवर होता. दादाला तिनं फक्त फोटोत पाहिलेलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात तो फोटो दाखवून "हा तुझा मोठा दीर" असं सांगितलं होतं, जसा काही तो शेजारच्या खोलीत झोपलाय. तिनं सगळं ऐकून घेतलं. आतल्या खोलीत आई खोकली तसा तिनं आवाज खाली आणला.

"आईंना सांगू नका."

"मी कुठे म्हणतोय सांगतो म्हणून?"

"तुमच्या तोंडावर दिसतंय. सांगितलं आणि तो आलाच नाही तर? त्यांना दुसऱ्यांदा वाट बघायला बसवाल. एकदा बसल्या होत्या त्या, त्यातून उठायला त्यांना किती वर्षं लागली ते तुम्हालाच माहीत."

"जाऊच नये असंही वाटतंय," तो म्हणाला. "मी गेलो आणि तो आला नाही, तर त्याची नोंद बंद होईल. मी नाही गेलो तर माझी होईल, त्याची चालू राहील. माझं काय, कचेरी आहे पाठीशी, आज ना उद्या लागेल मार्गी."

बायकोनं वह्या बाजूला ठेवल्या. "म्हणजे तो बिचारा तिथे येऊन बसेल, आणि तुम्ही नसाल."

सोमवारपर्यंतचे दिवस त्यानं कसे काढले ते त्याला नंतर सांगता आलं नसतं. तो नकाशे बघत होता, जेवत होता, आईच्या पायांना तेल लावत होता. तिची पावलं हातात घेतली की वाटायचं, ही बाई सोमवारबद्दल काही जाणत नाही आणि आपण जाणतो. एखाद्याच्या खिशातलं त्याला न विचारता आपण काढून घेतलंय, असं काहीतरी वाटायचं. रस्त्यात जाताना तो पहिल्यांदाच माणसांच्या चेहऱ्यांकडे नीट बघायला लागला. बसच्या रांगेत, दवाखान्याच्या पायऱ्यांवर, पुलाखाली झोपलेली माणसंसुद्धा. एवढे चेहरे, आणि प्रत्येकाची कुठेतरी नोंद आहे. कुणालाही आता हरवता येणार नाही. हे चांगलंच होतं. तरी, पाण्याखाली श्वास कोंडून बसलेल्या माणसाचं डोकं कुणीतरी केसाला धरून वर काढावं, तसा तो फोटोतला चेहरा त्याला पुन्हा पुन्हा दिसे.

केंद्र म्हणजे एक लांबट दालन होतं. एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या, छताला पांढरे दिवे, आणि हळू आवाजात बोलणारी माणसं. तो लवकर जाऊन बसला. दारातून येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाकडे बघत होता, आणि तरीही दादा आला तो त्याला दिसलाच नाही. शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी बसलं. औषधांचा, धुतलेल्या चादरींचा वास आला. त्यानं मान वळवली. दाराच्या पडद्यावरचा म्हातारा, पण त्याहून बारीक. डोक्यावर विटकी टोपी, डाव्या दंडाला पट्टी, तिच्याखाली दोरखंडासारखी फुगलेली शीर.

"तूच असशील असं वाटलं होतं," दादा म्हणाला. समोर बघतच म्हणाला. "माझं तोंड आणखी कुणाकडे असणार?"

इतकी वर्षं त्यानं मनात रचून ठेवलेली वाक्यं होती, रागाची होती, गळ्यात पडून म्हणायची होती. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही. "हाताला काय झालंय?" त्यानं विचारलं.

"मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त धुवायचं. आधी वही घेऊन गेलो की घ्यायचे. आता तोंड दाखवल्याशिवाय घेत नाहीत." तो जरासं हसला आणि तुटकी भुवई वर गेली. "जन्मभर तोंड लपवलं, आणि शेवटी तोंडच दाखवावं लागलं बघ."

थोडं थोडं करून कळत गेलं. दादा दुकानांच्या पाट्या रंगवत गावोगाव फिरला होता. अक्षर चांगलं होतं त्याचं, लहानपणापासून. मग पाट्या छापून यायला लागल्या आणि कुंचला ठेवावा लागला. एका गोदामात राखणदार झाला, तिथेच खोली मिळाली. बायको नाही, पोरं नाहीत. या शहरात आठ वर्षं होता. आठ वर्षं! याच पुलावरून, याच बसमधून. "एकदा तुला पाहिलं होतं," दादा म्हणाला. "बाजारात. तू टोमॅटो निवडत होतास. मी वळलो."

"का गेलास?" शेवटी त्यानं विचारलं. आवाज चढला असावा, समोरची बाई वळून बघायला लागली. "बाबा त्या थप्पडीपायी झुरून गेले. आई अजून… आमचं काय चुकलं होतं, ते तरी सांग."

दादा बराच वेळ आपल्या पट्टीची कड खाली-वर करत राहिला. "थप्पड?" तो म्हणाला. "कुठली थप्पड?" आणि मग, अगदी हळू, "काही चुकलं नव्हतं रे कुणाचं. घड्याळ टाकलं, आणि परत यायच्या रस्त्याला न लागता सरळ गेलो. नुसता चालत गेलो. बरं वाटत होतं. संध्याकाळ झाली, मग दुसरा दिवस झाला. कारण असतं ना, तर परत येता आलं असतं. कारण कधीतरी मिटतं, माणूस घरी येतो. माझ्यापाशी कारणच नव्हतं. काय सांगितलं असतं दारात उभं राहून?"

त्याला वाटलं आपण चिडू. पण चीड आली नाही. मांडीखाली दाबून धरलेला वडिलांचा हात तेवढा दिसला, आणि तो हात बाहेर काढून कुणीतरी हलकेच मोकळा करावा, असं त्याला फार फार वाटलं. आता तेही शक्य नव्हतं.

आत बोलावणं येण्याआधी दादानं त्याच्या मनगटाला धरलं. बोटं थंड होती. "नातं विचारतील," तो म्हणाला. "भाऊ आहे म्हणालास तर सगळ्यांच्या नोंदी जोडतात. घरच्या प्रत्येकाच्या फोनवर निरोप जातो. आईच्यासुद्धा. तसं नको. यंत्रातून नको कळायला तिला."

टेबलापलीकडे तीच कोवळ्या आवाजाची मुलगी होती. तिनं दोघांना शेजारी शेजारी उभं केलं, समोरून, डावीकडून, उजवीकडून फोटो घेतले. पडद्यावर दोन चेहरे आले, त्यांच्यावर बारीक ठिपके आणि रेघा पसरल्या. नाकाच्या हाडापासून कानापर्यंत, डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठांपर्यंत. नकाशेच ते. त्याला वाचता येत होते. एकाच जमिनीचे दोन, एक सांभाळलेला, एक उन्हापावसात राहिलेला.

"तुमचं दोघांचं नातं काय?" मुलीनं विचारलं.

दादा भिंतीकडे बघत होता. जबडा घट्ट मिटलेला.

"नातं नाही," त्यानंच उत्तर दिलं. "चेहरा मिळतो, एवढंच."

मुलीचा हात कळीवर थांबला. तिनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. ती काही लहान नव्हती. "काका, एकदा 'नाही' लिहिलं की नंतर बदलायला फार खटपट पडते," ती म्हणाली. "लिहू ना?"

"लिहा."

तिनं कळ दाबली. त्यानं दादाकडे पाहिलं. सुटल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, खांदे खाली आले होते. पण त्याबरोबरच ओठांची एक बाजू किंचित ओढली गेली होती, जशी लहानपणी, खेळात घेत नाही म्हटल्यावर ओढली जायची. त्यानं स्वतःच मागितलेलं होतं ते, आणि तरीही ते त्याला लागलं होतं. दोघांच्या फोनवर एकदमच निरोप आला. नोंदी वेगळ्या करण्यात आल्या आहेत.

बाहेर ऊन होतं. पायरीवर दादा दम खायला टेकला, तसा तोही त्याच्या शेजारी टेकला. "मोठ्या इस्पितळात असतो मी, मंगळवारी आणि शुक्रवारी," दादा म्हणाला. "चार तास पडून राहावं लागतं. बाजूला एक स्टूल असतं. बहुतेकांकडे कुणी ना कुणी बसलेलं असतं." मग उठताना टोपी नीट करत त्यानं विचारलं, "आई… बरी आहे?"

"आहे."

"तिला सांगायचं की नाही ते तू बघ. माझी मजल तिथपर्यंत जात नाही." आणि तो हळूहळू, डावा हात अंगाशी धरून, बसच्या दिशेनं चालायला लागला. वळून बघेल असं वाटलं होतं. बघितलं नाही.

घरी आला तेव्हा बायको शाळेतून आलेली नव्हती. आई खिडकीपाशी बसली होती, चष्मा वर करून सुईत दोरा घालायचा प्रयत्न करत होती. त्यानं येताना रस्ताभर ठरवलं होतं, की काही बोलायचं नाही. निदान बायको येईपर्यंत नाही. तिच्या हातून त्यानं सुई घेतली, दोरा ओवून परत दिला, आणि तिथेच, तिच्या पायांशी जमिनीवर बसला. तेल लावायला सोडून इतक्या वर्षांत तो असा बसला नव्हता. आईनं सुई कापडात खोचून ठेवली.

"काय रे, धाकट्या?"

"आई," तो म्हणाला, "दादा भेटला."

आई हलली नाही. किंचाळेल, उठेल, कुठे आहे म्हणून दाराकडे धावेल, असं त्याला वाटलं होतं. त्यानं तिचा हात धरून ठेवला होता, ती पडेल या भीतीनं. पण ती खिडकीबाहेर बघत राहिली. समोरच्या गच्चीवर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. एक एक करून सगळे कपडे दोरीवर चढले, ती बाई बादली घेऊन आत गेली, तेव्हा कुठे आई बोलली.

"केस पिकले का रे त्याचे?"

"पिकलेत," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा जास्त. विरळ झालेत. दात पण गेलेत बाजूचे."

"म्हातारा झाला," आई म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली, स्वतःशी, तो शब्द तोंडात घोळवून बघत असल्यासारखी, "म्हातारा झाला माझा." आणि मग तिचा चेहरा मोडला. तिच्या मनात इतकी वर्षं एक काळ्याभोर केसांचा मुलगा घड्याळ घेऊन दारातून बाहेर पडत होता. रोज तेवढाच, तेवढ्याच वयाचा. तो आज दुपारी, या खिडकीपाशी, तिच्या डोळ्यांदेखत म्हातारा होऊन गेला होता. ती रडत होती ती बहुतेक त्या मुलासाठी. त्यानं तिला रडू दिलं. बऱ्याच वेळानं पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "कुठे असतो?" तेव्हा त्यानं सांगितलं, मंगळवारी मोठ्या इस्पितळात.

"उद्याच मंगळवार," आई म्हणाली, आणि भिंतीचा आधार घेऊन उठायला लागली.